सेफ्टीखालचं चाक

अंकुश ढोले याने मोटरसायकल नेहमीप्रमाणे पॅकिंग हॉलच्या मागच्या भिंतीशी लावली, तोंडावरचा दुपट्टा सोडला, नाकाने श्वास घेतला, आणि वास नव्हता. त्याने पुन्हा घेतला. तापू लागलेल्या धुळीचा वास होता, सडक्या संत्र्यांच्या ढिगाचा गोड-आंबूस होता, हायवेवरून येणाऱ्या डिझेलचा होता. तो एकच नव्हता. एकोणीस दिवस, सोमवारची सुट्टी सोडली तर, रोज सकाळी याच जागी तो यायचा, बारीक, सुईसारखा, नाकाच्या अगदी वरच्या टोकाला टोचणारा. बस स्टँडच्या मुतारीमागून चालत जावं तसा, पण कोरडा. अमोनियाचा वास. एकोणीस दिवस त्याने तो घेतला होता आणि एकोणीस दिवस कोल्ड स्टोरेजमधला एकही माणूस 'हो, येतो' म्हणाला नव्हता. आता तो गेला तर बरं वाटायला हवं होतं. अंकुशला बरं वाटलं नाही. तो हँडलवर हात ठेवून उभाच राहिला, घरातून निघताना काहीतरी विसरलं आणि काय ते आठवत नाही असा. तेवढ्यात मशीनरूमच्या दारातून त्याच्या जोडीचा ऑपरेटर मुकेश याने हाक मारली, "काय भाऊ, आज येते का वास?" अंकुश म्हणाला, "नाई येत." मुकेश हसला, जवळ आला, त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाहा. म्हनलं नोतं? झालं नाक बरं." आणि रजिस्टरवर सही करून तो दुसऱ्या कॉम्प्रेसरकडे गेला. अंकुशच्या पाठीवर थाप पडली ती जागा बराच वेळ जाणवत राहिली. गेले आठ दिवस मुकेशने वासाचा विषय काढला नव्हता. उलट अंकुशने काढला की तो मोबाइल पाहू लागायचा. मग नेमकं आजच त्याने का विचारावं?

गोष्ट एप्रिलमधली. दुपारचे दोन, तळेगावात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि कंडेन्सरवर पाणी फेकणारा पंप लाइटच्या झटक्याने बंद पडला. पाणी बंद म्हणजे गॅस थंड होत नाही, आणि थंड होत नाही म्हणजे दाब चढत जातो. दाब चढला की कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा कटआउट असतो, तो त्या दिवशी हललाच नाही. मशीनरूममागच्या शेडमध्ये अमोनियाची आडवी टाकी आहे, तिला सगळे रिसिव्हर म्हणतात. तिच्या डोक्यावर हातभर उंचीचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला. बाकी सगळं फसलं तर साडेसतरा किलो दाबाला त्याने तोंड उघडायचं, गॅस पाइपातून छपरावर सोडून द्यायचा आणि दाब उतरला की मिटायचं, एवढंच त्याचं काम. अकरा वर्षांच्या नोकरीत अंकुशने ते तोंड उघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ते उघडलं. ट्रकचा टायर फुटून फुटतच राहावा असा आवाज झाला, छपरावर पांढरा लोट उठला, अंकुशने धावत जाऊन लाल बटण दाबलं, आणि पंधरा-वीस सेकंदांत सगळं शांत. कोणाला काही झालं नाही. गावातून चार माणसं भांडायला आली, ती चहा पिऊन गेली. पण अंकुशला नागपूरच्या जुन्या फोरमनने शिकवलेलं आठवत होतं, की सेफ्टी एकदा उघडला की तो बदलायचा. आतून आलेला एखादा कचरा त्याच्या ओठात अडकतो, मग तो मिटल्यासारखा दिसतो, मिटलेला नसतो. त्याने तसं मॅनेजर प्रफुल्लभाऊला सांगितलं. प्रफुल्लभाऊ मालकाचा पुतण्या, वयाने लहान, बोलायला गोड. "ऑर्डर टाकली आहे अंकुशभाऊ, सेफ्टी पण, कटआउट पण. सीझनमध्ये वेळ लागतो." आणि दुसऱ्याच सकाळी या भिंतीशी अंकुशला तो वास आला.

वास येतो हे सांगायला सुद्धा त्याला आधी धीर गोळा करावा लागला होता, कारण त्याच्या नाकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्या लाटेत वर्ध्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून तो जिवंत परत आला होता, पण नाक तिथेच ठेवून आला होता. पाच महिने त्याला कशाचाच वास येत नव्हता. जेवण म्हणजे गरम, थंड, तिखट, खारट, बस. मग एके दिवशी वास परत येऊ लागले, पण वाकडे होऊन. सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरला की जळक्या रबराचा वास यायचा. चहा ओल्या कुत्र्यासारखा. आणि रूपाली रात्री शेजारी येऊन पडली की तिच्या केसांमधून त्याला काहीतरी सडल्याचा वास यायचा, पोत्यात विसरलेल्या बटाट्यांसारखा. पहिले काही दिवस तो तोंड फिरवून झोपला. मग एकदा बोलून गेला. रूपालीने तेल बदललं, शिकेकाई आणली, आठवडाभर तेलच लावलं नाही, आणि रोज येऊन विचारायची, आता? आता येते काय? खोटं बोलायला त्याला जमलं नाही. शेवटी त्याने आपली खाट समोरच्या खोलीत टाकली, पंखा तिकडे चांगला आहे म्हणून. तिने त्याच्या नाकाचं काम आपल्याकडे घेतलं. दूध नासलं का, भाजी उतरली का, सिलेंडर गळतो का, सगळं ती हुंगून सांगायची आणि तो ऐकायचा. हळूहळू वर्षा-दीड वर्षात वास जागेवर आले. निदान त्याला तसं वाटत होतं. पण खाट समोरच्या खोलीतच राहिली. आणि एक सवय राहून गेली, की आपल्याला आलेला वास दुसऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय खरा धरायचा नाही. कधी कधी त्याच्या मनात यायचं, ही आपल्याला काहीही सांगू शकते. सगळेच आपल्याला काहीही सांगू शकतात. ज्याला नाक नाही त्याच्यापुढे कोणीही कशाचाही वास दाबून ठेवावा.

त्या एकोणीस दिवसांत त्याने करायचं ते केलं होतं. प्रफुल्लभाऊला भिंतीशी आणून उभं केलं. प्रफुल्लभाऊने डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसा, श्वास घेतला आणि म्हणाला, "काहीच नाही हो." मुकेशकडे पाहिलं, मुकेश म्हणाला, "मले बी नाई येत, साहेब." मग अंकुशने लिटमसचे कागद ओले करून रिसिव्हरच्या एकेका जोडाशी धरले. अमोनिया असता तर लाल कागद निळा झाला असता. कागद लालच राहिले. राहणारच होते, हे त्याला नंतर कळलं. गॅस जोडातून नाही, व्हॉल्व्हच्या तोंडातून गळत असेल तर तो बंद पाइपातूनच वर जाणार, आणि पाइपाचं तोंड छपराच्याही वर. त्याने शिडी मागितली. प्रफुल्लभाऊने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अंकुशभाऊ, तुमचं ते कोविडचं अजून पुरतं गेलं नाही. एकदा डॉक्टरले दाखवा. खर्च आपण देऊ." आर्वीच्या डॉक्टरने लवंग, निलगिरी, लिंबू, गुलाबपाणी अशा चार बाटल्या दिल्या, रोज दोनदा हुंगायला. तो हुंगत होता. लवंग लवंगेसारखी येत होती, लिंबू लिंबासारखं. फक्त भिंतीशी अमोनियाचा वास यायचा आणि तो मात्र खोटा होता. एकच पुरावा त्याच्या हाताशी होता, अगदी खरोखर हाताशी. सेफ्टीच्या पुढचा पाइप. एवढ्या उन्हात शेडमधलं सगळं लोखंड भाजत असायचं, पण त्या पाइपावर तळवा ठेवला की तो माठासारखा गार लागायचा. आतून गॅस पळत असल्याशिवाय पाइप गार होत नाही. मुकेशला त्याने तिथे हात लावायला सांगितला होता. मुकेशने लावला, लगेच काढला, म्हणाला, "सावलीत हाय ना भाऊ तो."

म्हणून आज त्याने आधी तो पाइप गाठला. तळवा ठेवला आणि चटकन उचलला. पाइप भाजत होता, बाकी सगळ्या लोखंडासारखाच. म्हणजे गळती थांबली होती. म्हणजे ती होती. की गळती कधी नव्हतीच, आणि नाकाबरोबर हातही बरा झाला? तो व्हॉल्व्हकडे पाहत राहिला. तोच जुना व्हॉल्व्ह होता, टोपीवर तोच हिरव्या रंगाचा ओघळ. कोणी बदलला नव्हता. खाली त्याचं चाक, त्याला गुंडाळलेली साखळी, साखळीला कुलूप. व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढायचा तर तेवढ्यापुरता टाकीचा रस्ता बंद करता यावा म्हणून ते चाक असतं. एरवी ते पूर्ण उघडं आणि साखळीने बांधलेलं, म्हणजे चुकूनही कोणी फिरवू नये. साखळी जागेवर, कुलूप जागेवर. अंकुशने कुलूप ओढून पाहिलं आणि मशीनरूममध्ये परत आला. दिवसभर तो दाबाच्या काट्यापुढे बसला. काटा चौदावर. दुपारी मुकेशने न मागता त्याच्यासाठी समोसे आणले. प्रफुल्लभाऊने गाडीतून उतरता उतरता विचारलं, "तब्येत कशी आहे?" पॅकिंग हॉलमधल्या बाया जेवायच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या, नाकातोंडाला गुंडाळलेले फडके त्यांनी गळ्यात ओढून घेतले होते, आणि आज त्या जरा मोठ्याने हसत होत्या असंही त्याला वाटून गेलं. सगळी जागाच त्याच्याशी गोड वागत होती. आजाऱ्याशी वागतात तशी, किंवा ज्याच्यापासून काही लपवायचं आहे त्याच्याशी.

संध्याकाळी आर्वीला घरी आला, शर्ट काढून दाराच्या खिळ्याला टांगला आणि मोरीत हातपाय धुतले. रूपाली पोळ्या लाटत होती. तिने हात पुसले, शर्ट बादलीत टाकायला उचलला. तो म्हणाला, "आज वास नोता तिथं."

"हो ना," ती म्हणाली, "आज शर्टाले बी नाई."

बोलून ती दोन पावलं गेली आणि थांबली. अंकुश टॉवेल हातात धरून उभा होता. तव्यावरची पोळी फुगली, फुटली, करपू लागली, तिचा वास दोघांनाही आला.

"शर्टाले काय नाई?" त्याने विचारलं.

रूपालीने आधी गॅस बंद केला. मग शर्ट बादलीत टाकला, नळ सोडला. "येत होता," ती पाठमोरीच म्हणाली. "रोज. काखेत, कॉलरले. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या नाकापुढं धरला, तवाबी येत होता."

"मंग नाई काऊन म्हनलं?"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता, आणि तो आजचा नव्हता. "कारन तुमच्या नाकाचं खरं मानाचं नोतं मले. सांगते आता. मी तीन वरसं तेच मनाले समजावून राह्यली, का त्याइचं नाक बिघडलं हाय, माझ्यात काई नाई. माझ्या केसात काई नाई. तुमचं नाक बरोबर हाय म्हनलं असतं, त मंग ते बी बरोबरच झालं असतं ना?"

तीन वर्षं समोरच्या खोलीत पडून आपण हिच्यावर संशय घेत होतो, ही काय लपवते म्हणून. आणि ही जे लपवत होती ते आपणच हिच्या केसांत ठेवलेलं होतं. त्याला वाटलं, जवळ जावं, तिच्या डोक्यावर नाक टेकवावं आणि सांगावं. पण जवळ गेल्यावर पुन्हा तोच वास आला तर? तो गेला नाही. भीती तिथेही होती, अजून. तो एवढंच म्हणाला, "तवा नाक बिघडलंच होतं, रूपाली. ते खरंच होतं." ती म्हणाली, "असन." आणि नळ बंद केला. जेवताना एक गोष्ट त्याच्या आत घट्ट बसली होती, भाकरीच्या घासासारखी उतरत नव्हती. वास होता. एकोणीस दिवस होता. आणि व्हॉल्व्ह न बदलता तो थांबला होता.

सकाळी तो अर्धा तास लवकर पोचला. बायांची मॅजिक गाडी नुकतीच येऊन थांबली होती. त्यांत सगळ्यांत म्हातारी देवकाबाई, आष्टीकडच्या गोंडवस्तीतून येणारी, सोबतच्या भाचीशी त्यांच्या बोलीत काही बोलत उतरत होती. अकरा वर्षांत अंकुश तिच्याशी 'बाजूले व्हा' आणि 'पानी हाय का' यापलीकडे बोलला नव्हता. त्याने तिला भिंतीशी बोलावलं.

"मावशी, एक पुसू? इथं मांगच्या दिवसात वास येत होता काय? नाकाले झोंबनारा?"

देवकाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने दिवसा सूर्य कुठे आहे ते विचारलं होतं. "इथं काऊन, आत येत होता. कूलर सुरू केला का भसकन येये. डोये चुरचुर करेत. आमी फडके कायले बांधून राह्यलो मंग?"

"मले वाटलं धुळीसाठी."

"धूळ त मांगच्या वर्षी बी होती."

अंकुशने वर पाहिलं. हॉलचा मोठा कूलर भिंतीत वरच्या बाजूला बसवलेला, आणि त्याच्या पाठीपासून चार हातांवर सेफ्टीच्या पाइपाचं तोंड. पाइप सोडेल तो गॅस कूलर ओढून आत तीस बायांच्या अंगावर फेकत होता. मशीनरूम दुसऱ्या बाजूला, वाऱ्याआड. "तुमी सांगतलं काऊन नाई कोनाले?" तो म्हणाला.

"कोनाले?" देवकाबाई म्हणाली. "तुमी आज पुसलं, आज सांगतलं." तिने फडकं नाकावर ओढलं, मग आठवून पुन्हा खाली केलं. "परवापासून नाई येत पन. बरं केलं तुमी."

परवा सोमवार. सोमवारी अंकुशची सुट्टी असते. तो चालत शेडमध्ये गेला आणि या वेळी त्याने कुलूप ओढलं नाही; कुलपाने कालही त्याला फसवलं होतं. त्याने चाकाच्या मधोमध असलेला दांडा पाहिला. चाक उघडं असलं की हा दांडा चार बोटं बाहेर असतो, वर्षानुवर्षं त्यावर धूळ आणि ग्रीसचा काळा थर चढलेला. आता दांडा आत होता. चाकाच्या बरोबरीला. चाक पार आवळलेलं होतं आणि साखळी आवळलेल्या चाकाला तितक्याच नीटपणे बांधून वर कुलूप लावलेलं होतं. टाकीत दाबाखालचा गॅस, बाहेर चढत जाणारं ऊन, कटआउट बिघडलेला, आणि जे एकच तोंड उघडू शकलं असतं त्याचा घसा कोणीतरी खालून दाबून ठेवला होता. परवापासून. काल तो दिवसभर त्या काट्यापुढे बसून समोसे खात होता. भिंतीपलीकडे बाया क्रेट ओढत होत्या, कोणीतरी कूलर लावला.

चाव्या दोनच होत्या. एक प्रफुल्लभाऊच्या टेबलात, एक मशीनरूमच्या खिळ्यावर, आणि सोमवारी मशीनरूममध्ये एकटा मुकेश असतो. तरी अंकुशच्या मनाने आधी प्रफुल्लभाऊला पकडलं, मग मालकाला, मग नागपूरच्या कंत्राटदाराकडून दुरुस्तीला येणाऱ्या चंदनला. इतकंच काय, आपणच कधी तंद्रीत फिरवलं नाही ना, असंही एक क्षण वाटून गेलं. मुकेशला त्याने सगळ्यांत शेवटी धरलं, कारण कालची थाप अजून पाठीवर होती. मुकेश रजिस्टर भरत होता. अंकुशने दार लोटून घेतलं. "चाक तू फिरवलं?"

मुकेशने पेन खाली ठेवलं. तो खोटं बोलेल असं अंकुशला वाटलं, त्याची तयारीही होती. पण मुकेश म्हणाला, "हो."

"काऊन?"

"तुमच्यासाठी, भाऊ. सोमवारी प्रफुल्लभाऊ म्हने, अंकुशले आता काढाच लागते. रोज वास-वास करून लोकं बिघडवते. इन्शुरन्सवाला यिऊन राह्यला, त्याच्यापुढं बोलला त? मी मनात म्हनलं, वासच बंद झाला त तुमी चूप बसान. नवीन सेफ्टी आला का खोलून देतो. आठ दिवसाचा त सवाल होता."

कॉम्प्रेसरचा आवाज दोघांमध्ये भरून होता. अंकुशला कळायला थोडा वेळ लागला, की आपण चाकाबद्दल ऐकतच नाही आहोत. "म्हंजे तुले वास येत होता," तो म्हणाला.

मुकेश खाली पाहत होता. "येत होता. त्या दिवशी प्रफुल्लभाऊनं आधी 'काई नाई' म्हनलं ना, मंग माझ्याकडं पाह्यलं. तवा नाई म्हनून बसलो. एकदा नाई म्हनल्यावर मंग... गावी, रोहण्याले, घरी गेल्यावर बी माझ्या नाकात राहे तो."

"आन प्रफुल्लभाऊ?"

"तो त गाडीचे काच लावूनच इथपर्यंत येते."

अंकुश वळला आणि दोन्ही कॉम्प्रेसरची लाल बटणं एकामागून एक दाबली. अकरा वर्षं ज्या आवाजात तो बोलत, जेवत, विचार करत आला तो आवाज खाली उतरत गेला आणि संपला, आणि हॉलमधल्या बायांचं बोलणं भिंतीतून स्वच्छ ऐकू येऊ लागलं. त्याने हॉलच्या दारात जाऊन देवकाबाईला सांगितलं, कूलर बंद करा आणि सगळ्या रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसा. का, ते तिने विचारलं नाही. मुकेशकडून चावी घेऊन त्याने कुलूप काढलं, साखळी सोडली आणि चाक हळूहळू पूर्ण उघडलं. दांडा चार बोटं बाहेर आला. छपरावर बारीक फुसफुस सुरू झाली. पाइपावर तळवा ठेवला. हाताखाली तो गार होत गेला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. फक्त आपला हात आपलाच आहे असं वाटलं.

प्रफुल्लभाऊ वीस मिनिटांत आला. गाडीतून उतरला तेव्हा गोड बोलणं गाडीतच राहिलं होतं. "कोणाला विचारून बंद केलं? आत चारशे टन संत्रा आहे!"

"दारं उघडली नाई त संध्याकाळपर्यंत काई होत नाई संत्र्याले," अंकुश म्हणाला. "सेफ्टी बदलल्याशिवाय मी सुरू करत नाई."

"तुम्हाला वास येतो म्हणून? तुमच्या नाकावर प्लांट चालवायचा का आता?" तो तरातरा रस्ता ओलांडून कडुलिंबाखाली गेला. तीस बाया बसल्या होत्या. "वास येते काय कोणाले? सांगा. कोणाले येते?" एकीने पायाखालच्या निंबोळ्या गोळा करायला सुरुवात केली. अंकुश मागे उभा होता आणि त्याला पुन्हा त्या भिंतीशी उभं असल्यासारखं झालं. आता देवकाबाईही म्हणेल, नाही बाप्पा, आम्हाला तर काही नाही. सीझनची मजुरी, मॅजिकची जागा, भाचीचं काम, सगळं तिच्या त्या एका शब्दावर होतं. त्याने तिच्याकडे पाहायचंच टाळलं.

देवकाबाई उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "वासाचं आमाले नाई समजत, बाप्पा. तुमी असं करा, आत जाऊन कूलरपुढं घडीभर बसा. तुमी बसले का आमी येतो."

प्रफुल्लभाऊ हॉलच्या दाराकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि सावलीच्या बाहेर जाऊन नागपूरला फोन लावला. बोलणं अर्धवट ऐकू आलं, पण तेवढ्यातून अंकुशला कळलं, की ऑर्डर आज टाकली जात होती. आजच. मागच्या महिन्यात नाही, मागच्या आठवड्यात नाही. व्हॉल्व्ह तर दुकानात तयारच पडलेला होता.

चंदन साडेचारला पिकअपमधून आला, सेफ्टी आणि कटआउट दोन्ही घेऊन. रिसिव्हरचा काटा तोवर बराच उतरला होता. नव्या व्हॉल्व्हवरची पट्टी अंकुशने दोनदा वाचली, शिशाचं सील उलटसुलट करून पाहिलं; चंदन म्हणाला, "अरे भाऊ, कंपनीका टेस्टेड माल है, भरोसा रखो." अंकुशने पट्टी तिसऱ्यांदा वाचली. चाक बंद केलं, जुना व्हॉल्व्ह उतरवला, नवा चढवला. चंदनने जुना दगडावर ठेवून खोलला. आतल्या गुळगुळीत ओठावर गंजाचा एक कण रुतून बसला होता, तिळाएवढाही नाही. मुकेशने तो नखाने काढून तळहातावर घेतला, पाहिला, आणि झटकून टाकला. त्या वेळी प्रफुल्लभाऊ शेडच्या तोंडाशी येऊन सांगून गेला, की अंकुशभाऊ, एक तारखेपासून तुम्ही गेटवर वजनकाट्यावर बसा, मशीनरूम मुकेश पाहील. अंकुशने बरं म्हटलं. हे होणार हे त्याला सकाळी बटण दाबतानाच माहीत होतं. अकरा वर्षं. गेटवर मशीनचा आवाज पोचत नाही.

चाक पुन्हा उघडलं. चंदनने हत्यारं पुसायला घेतली. उन्हं कलली होती, रस्त्यापलीकडे बायांची मॅजिक भरत होती. अंकुश रिसिव्हरच्या डोक्याशी स्टुलावर उभा होता. त्याने नाक नव्या जोडाजवळ नेलं आणि श्वास घेतला. तेलाचा वास होता, नव्या रंगाचा होता. बाकी काही नाही. पण त्या 'काही नाही'वर त्याचा जीव बसेना. त्याने खाली पाहिलं.

"मुकेश, वर ये. मले नाई येत काई. तू पाह्य."

"झालं ना भाई अब," चंदन म्हणाला. "मेरेको निकलना है."

अंकुश खाली उतरला, मुकेश स्टुलावर चढला. त्याने चंदनकडे पाहिलं, शेडच्या तोंडाशी मोबाइलवर बोलणाऱ्या प्रफुल्लभाऊकडे पाहिलं. मग डोळे न मिटता, तोंड जोडाशी नेऊन, त्याने हळू श्वास ओढला. वेळ लावला. अंकुश त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता आणि त्याला कळत नव्हतं, हा आता काय सांगेल, आणि सांगेल ते आपण मानू का.

"येते," मुकेश म्हणाला. "थोडासा. या बाजूनं."

प्रफुल्लभाऊचं बोलणं थांबलं. मुकेश उतरला, अंकुशने स्टुलावर चढून पुन्हा हुंगलं. त्याला काहीच आलं नाही. त्याने चंदनच्या पेटीतून लिटमसचा कागद मागून घेतला, थुंकीने ओला केला आणि मुकेशने बोट ठेवलं होतं तिथे धरला. कागदाची एक कड निळी झाली.

"पाना दे," तो म्हणाला. चंदन कुरकुरत उठला, आणि मुकेशनेच वाकून पाना वर दिला.